द्वारकेला अडकलोय

नाशिकमध्ये 'द्वारकेला अडकलोय' म्हणायला द्वारका चौकात जावं लागत नाही. मी हे वाक्य पलंगावर बसून, एका पायात मोजा चढवताना म्हटलेलं आहे. समोरच्याला ते पटतंच, कारण त्या चौकात कुणीही, कधीही अडकू शकतो. मित्र शालिमारला उभा होता. त्यानं शांतपणे विचारलं, "हॉर्न कसे ऐकू येत नाहीत रे?"

"सगळ्यांनी गाड्या बंद केल्यात," मी म्हणालो. द्वारकेला! एका थापेला टेकू म्हणून दुसरी, आणि तीही इतकी कच्ची.

बरं, आदल्याच रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलातल्या मत्तयाचा पाचवा अध्याय घेतला होता. 'होय तर होय, नाही तर नाही.' येशू तिथं बोलतो ते शपथांबद्दल. लोक आकाशाची, यरुशलेमेची, स्वतःच्या डोक्याची शपथ वाहत. पुढं तेविसाव्या अध्यायात तर मंदिराची शपथ घेतली तर काही नाही, मंदिरातल्या सोन्याची घेतली तर मात्र बांधला गेलास, असले हिशेब त्यानं उघडे पाडलेत. मला ते ओळखीचे वाटतात. शाळेत आम्ही घशाला चिमटा धरून 'आईशप्पथ' म्हणायचो आणि तोंड वळवून हळूच 'सुटली'. डोक्याची शपथ नको, कारण एक केससुद्धा पांढरा किंवा काळा करणं तुझ्या हातात नाही, असं येशू म्हणतो. (हे वाक्य आलं की आमच्या पुढच्या बाकावरचे मेंदीवाले दोघंतिघं चष्मा पुसायला घेतात.)

निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, त्याला मी खोटं धरत नाही. त्यात कुणी फसत नाही. 'या एकदा जेवायला' याबद्दल मात्र मला शंका आहे.

ज्या शरणपूर रोडवरून मी 'पोचलोच' म्हणत जातो, तिथं एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथं शिकवत. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ साली मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पार आतल्या मुलखात वारला. त्याच्या माणसांनी, त्यांत हा वेनराइटही, त्याचं शव पायी, कित्येक महिने चालत किनाऱ्याला आणलं, आणि १८७४मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा वेनराइट तिथं हजर होता. पोचवायचं म्हणजे पोचवायचं. कुणी शपथ घातल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

तरी द्वारकेची थाप परवडली. ती मारताना आपण थाप मारतोय हे निदान ठाऊक असतं. आम्हा चर्चला जाणाऱ्यांची खास थाप वेगळीच आहे, आणि ती मारताना चेहरा अगदी भक्तिभावाचा होतो. 'प्रार्थनेत आठवण ठेवतो.' उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर, चपला शोधता शोधता ही किती जणांना सांगितली असेल! व्हॉट्सॲपवर तर बोलावंही लागत नाही, जोडलेले दोन हात पाठवले की झालं. कुणी हिशेब मागत नाही. रुग्ण बरा झाला तर श्रेयात आपलाही वाटा.

आमच्या चर्चमधल्या एका मावशींनी गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्यावर मला थांबवलं होतं. "आठवण ठेवा हं." मी "हो, नक्की" म्हणालो. 'नक्की' हे खास वरून घातलं. घरी पोचेपर्यंत मिसळीचा विचार सुरू झाला होता आणि गुडघा मागेच राहिला.

दोन महिन्यांनी त्या काठी टेकत आल्या आणि माझा हात धरला. "तुमच्या सगळ्यांच्या प्रार्थनेनं उभी आहे बघा."

हसून मान डोलवली असती तर भागलं असतं. पण हात त्यांनी सोडलाच नाही.

"मावशी, मी केली नव्हती," मी म्हणालो. "विसरलो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागे कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होतच नव्हती.

"मग आत्ता करा," त्या म्हणाल्या. "दुसरा गुडघा बाकी आहे."