पोटॅशची थैली, गायगर काउंटर आणि झटका मशीन: नोंद ३

गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र; इथे घरी जोडलेल्या काउंटरने खतातल्या पोटॅशचा किरणोत्सर्ग मोजलाय. त्याची ट्यूब (किरणोत्सर्ग टिपणारी वायूची नळी) जे-३०५, काचेची, ३८० ते ४०० व्होल्टवर. ॲनोडचा (धन टोकाचा) ५.१ मेगाओमचा रेझिस्टर ट्यूबच्या टोकाला अगदी लागून हवा. मध्ये तार लांबली की तिची कपॅसिटन्स वाढते, दर डिस्चार्जला ट्यूबवर जास्त चार्ज पडतो आणि तिचं आयुष्य घटतं. टोकावर थेट सोल्डर नको, काच तडकते. फ्यूजची क्लिप लावा.

व्होल्टेज मोजतानाच ट्यूबा जास्त मरतात. मल्टिमीटरचा रोध १० मेगाओम; तेवढ्या भारानेही ट्यूबला व्होल्टेज देणारा सप्लाय खाली बसतो, ४०० असताना मीटर बरंच कमी दाखवतो. मग माणूस प्रीसेट (व्होल्टेज बदलायचा स्क्रू) वाढवत सुटतो. १०० मेगाओमचे १० रेझिस्टर एकसर जोडून मीटरच्या लाल तारेत घाला आणि आकडा १०१ ने गुणा. मीटरवर ३.९६ आलं की ४०० झाले.

आता खोटे काउंट, म्हणजे किरणोत्सर्ग नसताना नोंदलेल्या टिकटिका. काचेची ट्यूब उन्हात नुसत्या प्रकाशानेही टिकटिकते, तेव्हा काळ्या कागदाची नळी चढवा. दुसरा चोर जास्त बेरकी. वावराच्या धुऱ्यावर डुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं) चालू असेल तर तिचा दर सेकंदाच्या आसपासचा ठोका सर्किटमध्ये शिरतो आणि मिनिटाला पन्नासेक काउंट फुकट वाढतात. ओळखायचं कानाने: किरणोत्सर्गाची टिकटिक कधी तीन एकदम, कधी बराच वेळ काहीच नाही, झटक्याची घड्याळासारखी. मशीन बंद करून खात्री करा. सर्किट अर्थिंग केलेल्या स्टीलच्या डब्यात, ट्यूब बाहेर, आणि चार्जरऐवजी १८६५० (रिचार्जेबल लिथियम) सेल.

स्रोत: कृषी केंद्रातलं लाल पोटॅश, ०-०-६० (नत्र, स्फुरद शून्य; पोटॅश ऑक्साइडच्या हिशेबाने ६० टक्के). त्यात निम्मं वजन पोटॅशियमचं, आणि १ किलोत पोटॅशियम-४० (पोटॅशियमचं किरणोत्सर्गी रूप) ची सेकंदाला साधारण १५ हजार विघटनं. सुमारे ८९ टक्के विघटनांत बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन), बाकी बहुतेकांत १.४६ एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) गॅमा किरण. खत कोरडं हवं, पावसाळ्यात ढेकळं होतात. पातळ पॉलिथिनमध्ये भरून ट्यूबखाली पसरलं.

दर वेळी ३० मिनिटं:
काहीच नाही: ६१२
पोटॅश: १०४३
मध्ये एक कागद: १०१८
मध्ये ३ मिमी ॲल्युमिनियम: ६३१

काउंटचं वर्गमूळ ही चूक धरा. पोटॅशचा फरक ४३१, त्यात ४१ ची चूक, म्हणजे तो खरा. कागदाने पडलेली २५ ची घट चुकीतच बुडते. ॲल्युमिनियमने मात्र जवळजवळ सगळं गेलं, कारण इथल्या बीटाची ऊर्जा जास्तीत जास्त १.३१ एमईव्ही आणि २ मिमीच्या थोडं पुढे ॲल्युमिनियममध्ये तो थांबतो. उरलेल्या १९ ला गॅमा म्हणू नका, तेही चुकीच्या आतच. गॅमा ॲल्युमिनियममधून सहज जातो, निम्मा करायलाच १२ मिमीच्या आसपास शिसं लागतं. पण अशी ट्यूब शंभरातला एखादाच गॅमा पकडते.

अल्फा म्हणजे हेलियमचं केंद्रक, हवेत काही सेंटिमीटरांत संपणारं. पोटॅशमध्ये तो नाही, आणि असता तरी ट्यूबच्या काचेनेच अडवला असता. त्यासाठी अभ्रकाच्या खिडकीची ट्यूब लागते. धूरसूचक फोडून अमेरिशियम काढायच्या फंदात पडू नका.

पुढची चाचणी फुग्याची: लोकरीने घासून बंद खोलीत अर्धा तास टांगायचा, मग हवा सोडून ट्यूबला चिकटवायचा. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची अपत्यं (त्याच्या विघटनातून झालेले अणू) त्यावर जमतात. दर १० मिनिटांनी काउंट घेत गेलं की पाऊण तासाच्या आत वाढीव आकडा निम्म्यावर यायला हवा. आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलात फुगा चार्ज छान धरतो. जुलैत हा प्रयोग करूच नये.