आमची वाटचाल: कळव्यातलं क्लिनिक, शेजारची लॅब आणि मधे आमचं घर

१९९८ साली कळव्यात खारेगावच्या बाजूला भाड्याचा गाळा घेतला. पतपेढीचं कर्ज, एक टेबल, एक तपासायचा पलंग आणि मी. डिपॉझिट भरल्यावर बोर्डापुरते पैसेच उरले नाहीत, त्यामुळे पहिले काही महिने लोक "ती नवीन डॉक्टरीणबाई, पिठाच्या गिरणीशेजारची" असंच विचारत यायचे.

आमचे हे तेव्हा ठाणे-बेलापूर रोडला एका कंपनीत केमिस्ट होते. तिथली पगाराची तारीख पुढे पुढे सरकायला लागली तसं ह्यांनी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलं आणि बाजूच्याच गाळ्यात लॅब टाकली. घरोघरी जाऊन सॅम्पल आणायचं कामही ह्यांचंच. खारेगावचं रेल्वे फाटक पडलं की स्कूटर तिथेच अडकायची, आणि साध्या बाटलीत रक्त नुसतं राहिलं तर त्यातली साखर तासागणिक कमी होत जाते कारण रक्तातल्या पेशीच ती खात असतात, म्हणून शुगरचं सॅम्पल फ्लोराइडवाल्या राखाडी झाकणाच्या बाटलीतच घ्यायचं हा ह्यांचा हट्ट. २०२२ ला पूल झाला, फाटकाची कटकट गेली, राखाडी झाकण मात्र आहेच.

खरा धंदा मला शिकवला तो सासूबाईंनी. शाळा सुटली की मुलगा क्लिनिकमधे यायचा, त्याला सांभाळायला आई बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि तिथे बसून पेशंटची सगळी कुंडली काढायच्या. एका काकांचं बीपी गोळ्या वाढवूनही खाली येईना. काकू शपथेवर सांगत होत्या की जेवण अळणी देते. आई रात्री भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "अगं तो दोनदा जेवतो. एकदा घरी आणि एकदा लेकीकडे, मागच्या बिल्डिंगमधे. तिथे सुकट असते." पुढच्या वेळी मी लेकीलाच बोलावलं. मग बीपी आलं हळूहळू ताळ्यावर.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली, पेशंटइतकंच त्याच्या घरच्यांशी बोलायचं, त्यातही स्वयंपाक जो करतो त्याच्याशी आधी. "मीठ जास्त खाता का" असं विचारून काही कळत नाही, सगळे नाहीच म्हणतात. मी विचारते एक किलोचा पुडा किती दिवस जातो? डब्ल्यूएचओ म्हणतं माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चार माणसांच्या घरात पुडा ५० दिवस तरी पुरायला हवा, आणि त्यात पापड-लोणचं-फरसाणातलं मीठ धरलेलंच नाही. हा हिशोब ह्यांचा हं, घरातली किराणा यादी हेच करतात.

शुगरवाल्यांची वेगळीच मजा असते. टेस्टच्या आधी दोन दिवस गोड बंद करून येतात आणि फास्टिंगचा रिपोर्ट बघून खूश होतात. पण एचबीए१सी ही रक्ताची टेस्ट साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, दिवाळीनंतर आठवडाभर कितीही कडक पथ्य पाळा, दिवाळी त्यात असतेच. ह्यावरून आमच्या बाकावर नवरा-बायकोची भांडणं झालेली मी ऐकलीयेत आणि बहुतेक वेळा बायकोच बरोबर असते (माझं मत आहे, ह्यांचं नाही).

नवरा-बायको एकाच धंद्यात असले की जेवताना पण रिपोर्टच चालतात. मुलगा चौथीत असताना वैतागून म्हणाला, "तुम्ही दोघं मला पण पेशंट समजून बोला ना थोडं." तेव्हापासून ताटावर बसल्यावर क्लिनिक बंद. २०२० मधे कोविडमुळे मी वेगळ्या खोलीत राहत होते तेव्हाही दाराच्या दोन बाजूंना ताटं घेऊन आम्ही एकत्रच जेवायचो आणि विषय असायचा फक्त कालवणात कोकम जास्त झालं का.

घोडबंदर रोडला दुसरी ब्रांच काढा असं बरेच जण सांगतात. नाही काढणार. तिथल्या बाकावर बसायला कोण आणू?

जे येताय त्यांना एवढंच सांगते, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा आणि स्ट्रिप नाव-तारखेच्या बाजूने कापू नका, "ती छोटी पांढरी गोळी" म्हणून निम्मा मेडिकल भरेल. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, गोळी चालू आहे म्हणूनच नॉर्मल आलंय. आणि येताना स्वयंपाक करणाऱ्याला सोबत आणा, त्यांची वेगळी फी नाही.