अझेलिया: पान पिवळं पडलं की आधी पाणी बघा

अझेलिया घरी येते तेव्हा फुलांनी लगडलेली असते. वर्षभराने बहुतेकांच्या कुंडीत काड्या उरतात, आणि मग खताला बोल लावला जातो. खरं दुखणं मुळांपाशी असतं. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, ब्लूबेरी, एरिका ही सगळी एकाच हीथ कुळातली. यांच्या मुळांना मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे केसासारखे तंतू, नसतात. दोऱ्याहून बारीक मुळांची जाळी मातीच्या वरच्या थरातच पसरते. ती सुकतेही लवकर आणि कुजतेही लवकर.

म्हणून कुंडी खोल नको, पसरट घ्या. सिमेंटची तर नकोच, तिच्यातला चुना पाण्याबरोबर झिरपत राहतो. मिश्रणात २ भाग कोकोपीट, २ भाग झाडाच्या सालीचे १-२ सेंमीचे तुकडे आणि १ भाग पूर्ण कुजलेलं पानखत. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या. राख, हाडांचा चुरा, अंड्याची टरफलं इथे वर्ज्य. मातीचा सामू (pH, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ ते ६ हवा आणि या वस्तू तो वर नेतात. लावताना मुळांचा गोळा मिश्रणाच्या १-२ सेंमी वर राहू द्या, कडेने सालीचं आच्छादन घाला. गोळा घट्ट विणलेला असेल तर बाहेरची जाळी बोटांनी सैल करा, नाहीतर मुळं नव्या मिश्रणात शिरतच नाहीत.

पाण्यात सगळ्यात फसवा प्रकार असा: गोळा एकदा कोरडा पडला की पाणी शोषत नाही. वरून ओतलेलं पाणी गोळा आणि कुंडी यांच्या फटीतून खाली जातं, ताटली भरते, आणि आपल्याला वाटतं झाड प्यायलं. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे थांबायला २०-३० मिनिटं लागतात. मग पूर्ण निथळू द्या. ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही.

आता पिवळेपणा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर झाडाला लोह मिळत नाहीये. लोह मातीत असतंच, पण जड, म्हणजे चुनखडीच्या क्षारांच्या, पाण्याने सामू वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी शेणखत घालणं म्हणजे रोग एकीकडे, औषध भलतीकडे. पावसाचं पाणी उत्तम. ते नसेल तर १० लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून सामूच्या पट्टीने तपासा आणि ५.५ ते ६ येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. तात्पुरता उतारा म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह. त्याचे प्रकार पाकिटावर लिहिलेले असतात: सामू जास्त असेल तर ईडीडीएचए (EDDHA) प्रकारचंच घ्या, ईडीटीए (EDTA) तिथे टिकत नाही. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याने मात्र आम्लता वाढत नाही, तो जवळजवळ उदासीन असतो.

माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर पाणी देऊ नका, गोळा काढून बघा. मुळं तपकिरी झाली असतील आणि ओढल्यावर वरची साल हातात येऊन आत नुसता दोरा राहत असेल, तर ती मूळकूज. अर्ध्याहून अधिक मुळं गेली असतील तर झाड वाचवण्याचा खटाटोप करू नये.

छाटणी फुलं संपल्यावर ३-४ आठवड्यांत उरका. पुढच्या हंगामाच्या कळ्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास शेंड्यांवर धरतात; त्यानंतर कात्री चालवली की फुलंच कापली जातात. कळीच्या बुडाशी फुटणारे कोवळे फुटवे बोटांनी खुडा, नाहीतर कळी मागे पडते. खत पातळ आणि थोडं, अमोनियम सल्फेटसारखं, नायट्रेटचं नको.

सकाळचं ३-४ तासांचं ऊन पुरे. कळ्या नीट उमलायला साधारण ६ आठवडे १० अंशांखालची थंडी लागते. ती नसेल तर कळ्या धरतात, पण काही तशाच सुकून जातात.

पानं आणि फुलं विषारी असतात. शेळी, कुत्रा, मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवा.