एका टिंबाचा ब, दोन टिंबांचा ब

बाडमेरच्या शिबिराहून परतून तीन आठवडे झाले, पण त्या मुलाचा ‘ब’ अजून माझ्या कानातून जात नाही. तो ‘ब’ मी चुकीचा ठरवला होता. लेखी. सहीनिशी.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुलं नंतर बोलतात कशी, हे तपासणं हे माझं काम. जोधपूरहून दर दोन महिन्यांनी आमचं पथक बाडमेरला जातं. शल्यचिकित्सक टाळूचं टाके-शिवण बघतात, मी बोलणं ऐकते, आणि माझ्या कागदावरून पुष्कळदा ठरतं की मुलाला नुसते व्यायाम पुरतील की पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. म्हणून माझा कागद चुकणं ही साधी गोष्ट नाही.

बाहेरच्यांना वाटतं, टाळू शिवली की बोलणं आपोआप सुधारतं. तसं होत नाही. टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट नीट बंद करत नसेल तर हवा नाकातून गळते. ‘म’ आणि ‘न’ ठीक येतात, कारण त्यांना नाक उघडंच लागतं. अडतात ते दाबाचे वर्ण: प, ट, क, च, स. तोंडात दाब साठतच नाही म्हटल्यावर मूल हुशारीने दुसरी वाट काढतं. हवा टाळूपर्यंत येऊच देत नाही, त्याआधीच घशात अडवतं. ‘पाणी’ म्हणताना ‘प’च्या जागी नुसता घशातला धक्का ऐकू येतो. आम्ही उच्चार टिपायला जी ध्वनिलिपी वापरतो, तिच्यात त्याची खूण म्हणजे टिंब नसलेलं प्रश्नचिन्ह. ही सवय एकदा जडली की मोडायला वर्ष वर्ष लागतं.

तो मुलगा सात वर्षांचा. ऑपरेशन उशिरा, चौथ्या वर्षी झालेलं. सोबत आजोबा आणि आई. आईचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. सासऱ्यांसमोर सून मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आजोबाच देत होते. मुलाच्या दिवसभराच्या बोलण्यातलं किती त्यांच्या कानावर पडत असेल, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. शिबिरात रांग मोठी असते, पण ते कारण मला स्वतःलाच पटत नाही.

नाकपुड्यांखाली छोटा थंड आरसा धरला. ‘प-प-प’. आरसा स्वच्छ. ‘ट-ट-ट’, ‘क-क-क’. स्वच्छ. ‘स’ला वाफेचा एक पुसट पट्टा उमटला. मग चित्रांची कार्डं काढली. बकरी दाखवली आणि त्याच्या ‘ब’पाशी मी थबकले. ओठ व्यवस्थित मिटले होते, पण आवाज घोट घेतल्यासारखा, गळ्यात खाली गेलेला. ‘गाय’चा ‘ग’ तसाच. ‘बस’चा ‘ब’ पहिल्यांदा साफ आला, दुसऱ्यांदा गिळलेला. मी रकान्यात तीच टिंब नसलेली प्रश्नचिन्हं काढली आणि शेजारी लिहिलं: घोष वर्णांत काकल्य प्रतिस्थापन, अनियमित. म्हणजे ‘ब’, ‘ग’ अशा, स्वरतंतू कंपवून काढायच्या वर्णांच्या जागी कधीकधी घशातला धक्का. आजोबांना म्हटलं, “बाबोसा, हा ‘ब’ आणि ‘ग’ घशातून बोलतोय.” ते म्हणाले, “हाँ मैडमजी, गलत बोलता है.” माझ्या पांढऱ्या कोटाला त्यांनी दिलेला तो मान होता. मी तो दुजोरा समजले.

इथेच मला थांबायला हवं होतं. ‘प’ला ‘ब’पेक्षा जास्त दाब लागतो. टाळू गळत असती तर आधी ‘प’ ढासळला असता. ‘प’, ‘ट’, ‘क’ धडधाकट आणि फक्त घोष वर्ण बिघडलेले, असं गळकी टाळू करत नाही. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं आहे.

आजोबा चहासाठी बाहेर गेले तेव्हा आईने पदर थोडा वर घेतला. म्हणाली, “मैडमजी, ‘बकरी’ सही बोला है. ‘बस’ गलत बोला है.”

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा समजावू लागले. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, फॉर्म उलटा केला आणि उजवीकडून डावीकडे लिहिलं. एक वाटीसारखं अक्षर, खाली एक टिंब. शेजारी तीच वाटी, खाली एकाखाली एक दोन टिंबं. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली, “बस.” दुसऱ्यावर ठेवून म्हणाली, “बकरी.” आणि तो दुसरा ‘ब’ तिच्या तोंडून आला तो अगदी मुलाचाच, गळ्यात खाली उतरलेला.

ती सोढा राजपुतांची मुलगी, माहेर पाकिस्तानात, सिंधमधल्या उमरकोटकडचं. सोढे आपल्या कुळात सोयरीक करत नाहीत, म्हणून त्यांच्या मुली पिढ्यानपिढ्या राजस्थानात राठोड-भाट्यांकडे येत आल्या आहेत. मधे सीमा आली तरी हे थांबलं नाही. १९६५च्या युद्धात बंद पडलेली मुनाबाव–खोखरापार ही सीमेपारची रेल्वेवाट फेब्रुवारी २००६मध्ये पुन्हा उघडली, आणि लग्न झाल्यावर ती त्याच वाटेवरच्या थार एक्सप्रेसने इकडे आली. ऑगस्ट २०१९मध्ये गाडी बंद झाली. मुलाचा हा ‘ब’ तिच्या माहेरी अजून कोणी समोरासमोर ऐकलेला नाही.

तिची भाषा ढाटकी. उमरकोट, थारपारकर आणि इकडचा बाडमेर-जैसलमेरचा वाळवंटी पट्टा म्हणजे ढाट, तिथली ही बोली. कूळ राजस्थानी, मारवाडीच्या जवळचं, पण शेजार सिंधीचा, आणि सिंधीसारखेच तिच्यात चार अंतःस्फोटक वर्ण आहेत: ब, ड, ज, ग यांची आत ओढलेली भावंडं. आपण ‘ब’ म्हणतो तेव्हा मिटलेल्या ओठांमागे हवा साठते आणि ओठ सुटताच बाहेर पडते. अंतःस्फोटक ‘ब’मध्ये ओठ मिटलेले असतानाच स्वरयंत्र खाली सरकतं, मागची पोकळी वाढते, दाब उतरतो आणि ओठ उघडताना हवा क्षणभर आत खेचली जाते. घोष मात्र चालूच राहतो. ती सीमेपलीकडे सिंधी शाळेत आठवीपर्यंत शिकलेली, आणि सिंधी लिपीत या चारही आवाजांना स्वतंत्र अक्षरं आहेत. देवनागरीतही आहेत, साध्या अक्षराखाली आडवी रेघ देऊन: ॿ, ॾ, ॼ, ॻ. आमच्या फॉर्मवर ती नाहीत. मातृभाषेच्या रकान्यात तीन पर्याय छापलेले आहेत: हिंदी, मारवाडी, इतर. शब्दयादी तर हिंदीचीच. सीमेवरच्या जिल्ह्यात शिबिर घ्यायचं आणि कान तेवढा हिंदीचा न्यायचा, ही व्यवस्था मला आता सहन होत नाही, आणि त्या व्यवस्थेत मी सहा वर्षं न कुरकुरता काम केलं.

जास्त लागतं ते वेगळंच. मी उल्हासनगरला वाढले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावण्यांत सिंधी निर्वासित आले, त्यांचंच ते गाव. आमच्या भिंतीला भिंत लावून सिंधी काकू राहायच्या. ‘बार’ म्हणजे ओझं आणि ‘ॿार’ म्हणजे मूल, हे त्यांनी मला लहानपणी दहादा म्हणून दाखवलं होतं. मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे, त्या हसायच्या, मीही हसायचे. त्या रात्री बाडमेरहून त्यांना फोन केला. म्हटलं, काकू, बकरी म्हणा. “ॿकरी,” काकू म्हणाल्या. या वेळी मला ऐकू आलं.

त्या फोनच्या आधी, शिबिरातच त्या दुपारी मी मुलाला परत बोलावलं. कंठमण्यावर अलगद बोट ठेवून ‘बकरी’ म्हणायला लावलं. बोटाखाली स्वरयंत्र स्पष्ट खाली सरकलं. घशात अडवलेला धक्का असा लागत नाही. आईला शेजारी बसवून यादी पुन्हा घेतली. तिने प्रत्येक शब्दाला बोटं दाखवायची: एक टिंब की दोन. माझी पेन्सिल आणि तिची बोटं जुळवली तर बकरी, गाय सगळे बरोबर. चुका फक्त एका टिंबाच्या शब्दांत, म्हणजे जिथे साधा ‘ब’ हवा तिथे तो कधीकधी आतला ‘ब’ घालत होता. माझ्या कागदावर जे ‘अनियमित’ होतं त्याला तिच्याकडे नियम होता.

तो असं का करतो, हे मला सुटत नाही. अंतःस्फोटकाला तोंडात दाब साठवावा लागत नाही. चौथ्या वर्षापर्यंत त्याची टाळू उघडी होती. आईच्या भाषेतलाच कमी दाबाचा ‘ब’ त्याने आधारासारखा धरला असेल का आणि टाळू शिवल्यावरही जिथे सोपं पडेल तिथे तोच वापरत असेल का? तसं असेल तर त्याने शोधलेली वाट घशात हवा अडवण्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि उपचाराची सुरुवात मी तिथूनच करायला हवी. की लहान मुलं उसन्या शब्दांत घालतात तेवढाच हा घोळ आहे? घरातल्या धडधाकट टाळूच्या भावंडांचं बोलणं ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.

अहवाल बदलला. ‘स’ची गळती ठेवली, बाकी खोडलं. आजोबांना मी सांगितलं, “मुलगा बरोबर बोलत होता, मी चुकीचं ऐकलं.” ते काही बोलले नाहीत, त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचा पदर पुन्हा खाली आला होता.

जोधपूरला आल्यावर जुन्या फायली काढल्या. घोष वर्णांपुढे टिंब नसलेलं प्रश्नचिन्ह आणि अघोष वर्ण स्वच्छ, अशी तीन मुलं सापडली. तिघांची गावं सीमेकडची. एकाचं कुटुंब १९७१च्या युद्धानंतर सीमेपलीकडच्या, थारपारकरमधल्या छाछरोहून आलेलं, एवढी नोंद आहे. मातृभाषा तिघांचीही ‘इतर’. त्यातल्या एका मुलीला मी आठ महिने ‘ब’ पुढे आणायचे व्यायाम दिले होते. ती घरी मन लावून करायची, हेही फायलीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तिच्या वडिलांचा फोन लागतो, पण ते मजुरीला गुजरातेत असतात. आईशी बोलायचं आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “उससे क्या पूछोगे?”

पुढच्या शिबिराला मी त्या मुलाच्या आईला एक दिवस आधी बोलावलं आहे. तिने घरून शंभर शब्द आठवून आणायचे, टिंबांसकट.