बाईंचं 'वगैरे'

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण ग्रुपवर आलं आणि मला शाळेच्या आधी आमच्या मराठीच्या बाई आठवल्या. त्यामुळे बाकीच्या सरांनी रागवू नये, मी बाईंबद्दलच लिहिणार आहे.

नववीत शनिवारी शेवटच्या तासाला बाई पुस्तकाबाहेरचं वाचून दाखवायच्या, त्यात भालचंद्र नेमाडेंची 1963 ची कादंबरी 'कोसला' आली. आम्ही निपाणीकडची पोरं, घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि चांगली मराठी म्हणजे पुण्याची असं डोक्यात बसलेलं. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातनं पुण्याला शिकायला जातो पण पुण्याचा होत नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

तो सारखं 'वगैरे', 'उदाहरणार्थ' म्हणतो, त्यावर मागची पोरं हसायला लागली. बाईंनी मला उभं केलं, "हेच पान वगैरे गाळून वाच बघू." वाचलं तर एकदम निबंधासारखं गुळगुळीत झालं. "बघितलास? माणूसच गेला की त्यातला!" मग म्हणाल्या, ह्या पोराला मोठं बोलायची लाज वाटते, म्हणून वगैरे लावून तो बोललेलं खाली उतरवतो. पुढं त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, तिथं मात्र कुणी हसलं नाही, घंटा झाली तरी उठलं नाही.

मी विचारलं, बाई, बापाचा पैसा घालवून डिग्री न घेता गावी येऊन बसला, त्याचं काय कौतुक? खरं तर माझा दादा त्याच वर्षी कोल्हापूरचं कॉलेज सोडून घरी बसलेला, मी त्याच्याशी बोलत नव्हतो, आणि हे बाईंना माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "परत आला म्हणजे हरला असं धरून वाचू नको," आणि पेपरचं कव्हर घातलेली स्वतःची प्रत दिली.

ती माझ्याआधी दादानंच दोन रात्रीत संपवली. म्हणाला, "ह्यो माझ्यागतच बोलतंय की रे." कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकांशी बोललो ते असं, पांडुरंगावरनं. सोमवारी बाईंना सांगितलं, दादानं वाचली. त्या नुसत्या हसल्या.

आज मी पुण्यात बँकेत मॅनेजर आहे, दादा गावी शेती बघतो. आता शनिवारचा तो तास एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, जादा क्लासला जातो म्हणे, वाईट वाटलं. 2014 चं ज्ञानपीठ नेमाडेंना जाहीर झालं तेव्हा दादाचा फोन, "बाईंना सांगितलास काय?" माझ्याकडं त्यांचा नंबरच नव्हता.

ती प्रत बाईंनी कधी परत मागितली नाही. दादाच्या ट्रंकेत आहे, कव्हर तेच. कार्यक्रमाला आम्ही दोघं ती घेऊन येतोय.