तुम्ही विचारलंत म्हणून: प्रभुभोजनाला मी का बसून राहायचे

"नऊ वर्षं तुम्ही उपासनेत पेटी वाजवलीत आणि प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, मात्र जागेवरून हलला नाहीत. आता घेता. म्हणजे काकांना क्षमा केलीत ना?" महिला मंडळात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर कबरस्तानातून परतताना रिक्षात मला हे विचारलं गेलं. प्रत्येक वेळी मी विषय बदलला. आज बदलत नाही.

२००६ साली सुगीच्या उपासनेनंतर लोकांनी दान आणलेल्या वस्तूंचा नेहमीसारखा लिलाव झाला. बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या, एक बोकड. माझे वडील, दादा, मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, खजिनदार. रकमेत ८,४०० रुपये कमी भरले. सभेत काका उठले. दादांबरोबर एकाच बोर्डिंगात वाढलेले, आमच्या घरी नाताळच्या करंज्या खाल्लेले काका. म्हणाले, "देवाचा पैसा आहे, हिशेब वाचा." दादा वही घेऊन उभे राहिले. चष्मा घरी राहिला होता. स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. वही लांब धरली, जवळ धरली, एक आकडा वाचला, तोही चुकला. मागे कोणीतरी हसलं. मी पेटीपाशी बसले होते, दहा पावलांवर. ती वही मला पाठ होती, कारण रात्री बेरजा मीच तपासल्या होत्या. कोणी किती उधार नेलं ते त्यात लिहिलेलं होतं. उठून वाचून दाखवलं असतं तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. मी उठले नाही. इतक्या माणसांत कसं बोलायचं, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. दादांनी वही मिटली आणि खाली बसले.

सोमवारी आईच्या पाटल्या मोडून पैसे भरले. भरले म्हणजे खाल्लेच होते, असं झालं. दोन वर्षांनी उधारीवाल्याने रक्कम आणून दिली, ती जमेलाही धरली गेली, पण मंडळीपुढे कोणी एक शब्द काढला नाही. पाटल्यांचे पैसे परत द्यावेत हेही कोणाला सुचलं नाही. दादा शेवटच्या बाकावर बसू लागले आणि २०१० मध्ये गेले. काकांनी खांदा दिला. त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी बसून राहिले.

मग बायबलची वचनं सुरू झाली. वेदीपुढे दान ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन मला किती जणांनी ऐकवलं याची गणती नाही. नीट वाचा ना ते. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं ज्याला आठवतं, त्याने उठून जायचं आहे. म्हणजे काकांनी. आणि लूकच्या सतराव्या अध्यायात 'त्याने पश्चात्ताप केला तर' असं स्पष्ट आहे. या दोन वचनांवर मी नऊ वर्षं काढली. हट्टी म्हणा, पण लबाडी नव्हती ती. मन एक सांगत असताना भाकर हातात घेणं मला जमलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

अडचण येशूने शिकवलेल्या, उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या प्रभूच्या प्रार्थनेत होती. आपल्या मराठीत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' असं आहे. सोडू नाही, सोडले आहे. त्या ओळीला माझे ओठ मिटायचे आणि भाता हलवणारा हात तेवढा चालू राहायचा. शिवाय मार्कच्या अकराव्यात, प्रार्थनेला उभे राहता तेव्हा तुमच्या मनात कोणाविरुद्ध काही असलं तर क्षमा करा, असं आहे. तिथे समोरच्याने येण्याची वाट पाहायला सांगितलेली नाही. त्या वचनातून मला पळवाट सापडली नाही.

आणि शंभर दीनारांचा येशूचा तो दाखला: राजाने ज्याचं दहा हजार तलांतांचं, कधीच न फिटणारं ऋण सोडलं, तो चाकर सोबत्याचे शंभर दीनार सोडेना. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, सांगतात की राजाने सोडलेल्या दहा हजार तलांतांपुढे शंभर दीनार म्हणजे काहीच नाही. पण एक दीनार म्हणजे दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी काहीच नाही, असं कष्टकऱ्याच्या घरात जाऊन सांगा. येशूने ते ऋण खोटं ठरवलं नाही, खरं मानूनच सोडायला सांगितलं. हे उमगलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की सोडणं शक्य आहे. दादांवर झालं ते किरकोळ होतं, असं मला म्हणावं लागणार नव्हतं.

२०१९ च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात काकांकडे गेले. अर्धांगाने खाटेवर होते. म्हटलं, "काका, दादांचं ते तुमच्याकडे होतं, ते मी सोडलं." ते बराच वेळ बघत राहिले. "कसलं गं?" म्हणाले. विसरले होते की विसरल्यासारखं केलं, देव जाणे. मग म्हणाले, "तुझ्या बापाचं अक्षर लई चांगलं होतं." मी चहा न घेता निघाले आणि रस्त्यात संतापाने रडले. त्या रविवारी भाकर घेतली. मन निवळलं म्हणून नाही, शब्द देऊन आले होते म्हणून.

आता तुमचं उत्तर. केली का क्षमा? काकांना, बहुतेक हो. दहा पावलं न उठलेल्या त्या मुलीला अजून नाही. राग धरून मी दादांची बाजू राखतेय, असं मला तेव्हा वाटायचं. खरं तर काकांवर राग धरला की त्या मुलीकडे बघावं लागत नव्हतं. ती मला अजून विचारते, सोडलंस तर दादांचं नाव कोण धुणार? मी तिला गप्प करत नाही. उधारी परत आली होती हे सभेच्या इतिवृत्तात लिहावं, असा अर्ज मी पंचांकडे दिलाय. माफ केलं तर अर्ज कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. काकांचं ऋण मी सोडलं, पण वहीतली चूक सोडायची माझी तयारी नाही.

ती ओळ गेल्या रविवारी म्हटली. त्याच्या आदल्या रविवारी नुसती पेटी वाजवली.