१२ की २०? रॅमच्या आकड्याचा घोळ

माझ्या लॅपटॉपची ८ जीबी रॅम (चालू कामं ठेवायची तात्पुरती मेमरी) कमी पडत होती, आता किती टाकू म्हणून तिघांना विचारलं आणि तीन वेगळे आकडे मिळाले. ऑफिसातला एक जण म्हणाला १६, धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, सरळ ३२ टाक आणि विषय संपव", तिसरा म्हणाला काही गरज नाही, ८ पुष्कळ झाले, तूच टॅब कमी उघड. आणि आज माझ्या लॅपटॉपात बसलीये २० जीबी, जो आकडा कोणीच सांगितला नव्हता.

त्रास काय होता, तर व्हिडिओ कॉल चालू, त्यात स्क्रीन शेअर, मागे तीसेक टॅब आणि एक अजस्र एक्सेल फाइल, एवढं एकत्र आलं की टाईप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटायचं आणि जुन्या टॅबवर गेलं की पान परत पहिल्यापासून लोड. डिस्क मंद म्हणावी, तर वेगवान एसएसडी आधीच होती. (तुमच्याकडे अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर हे सगळं सोडा, आधी ती बदला.)

मग मी आठवडाभर विंडोजचा टास्क मॅनेजर (मेमरी किती वापरली जातेय ते दाखवणारा) उघडा ठेवून बघत बसले. मेमरी ८५ टक्के, ८८ टक्के, कधी ९१. पण या टक्क्यांवरून काहीच ठरत नाही हो, कारण ८ च्या डब्यात ८ च मावणार, डबा भरलाय एवढंच कळतं, बाहेर किती सांडतंय ते कळत नाही. ते कळतं खालच्या 'कमिटेड' नावाच्या आकड्यात. माझा सगळ्यात वाईट दिवस होता ११.३ / १५.८. पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रॅमनी मिळून मागून ठेवलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती जागा) मिळून जास्तीत जास्त जेवढी देता येईल तेवढी. मागितलेली सगळी वापरली जातेच असं नाही, त्यामुळे खरी गरज ११.३ पेक्षा थोडी कमीच असणार, पण अंदाजाला पुरे. म्हणजे ८ ला रडणं साहजिक होतं आणि ३२ ही चैन होती.

१६ ठरवले. त्याच टास्क मॅनेजरमध्ये लिहिलेलं 'स्लॉट वापरात २ पैकी २', म्हणजे रॅमच्या पट्ट्या, म्हणजे स्टिक, बसवायच्या दोन्ही जागा भरलेल्या, म्हणलं वा, दोन्ही काढायच्या आणि ८-८ च्या दोन टाकायच्या. जोडी घेणारच होते, पण त्याआधी सहज मागचं झाकण उघडून बघितलं आणि बरं झालं बघितलं, कारण आत स्लॉट एकच! दुसरे ४ जीबी म्हणजे बोर्डवरच सोल्डर केलेल्या चिप्स, आणि विंडोजने त्यांनाही स्लॉट म्हणून मोजलं होतं. ते ४ जन्माचे, काढता येत नाहीत. म्हणजे स्लॉटात ८ टाकली तर १२, १६ टाकली तर २०, आणि माझा लाडका १६ हा आकडा होऊच शकत नव्हता. भावाची ३२ ची स्टिक टाकली तर बेरीज ३६ आणि माझा प्रोसेसर ३२ च्या पुढे जात नाही, त्यामुळे तोही विषय संपला.

आता १२ की २०. १२ मध्ये माझे ११.३ जेमतेम मावले असते आणि स्लॉट एकच असल्यामुळे वर्षभराने परत कमी पडली तर ती ८ ची स्टिकही काढून ठेवायची वेळ. वर आणखी एक भानगड, लॅपटॉप कंपनीच्या माहितीपत्रकात कमाल १२ लिहिलेलं. पण ती मर्यादा बहुतेकदा कंपनी स्वतः जेवढी रॅम बसवून विकते तेवढ्यापुरती असते. याच मॉडेलमध्ये लोक २० चालवतायत हे बघितलं, आणि नाही चालली तर परत घेणार का हे आधी विचारून १६ ची घेतली.

डुअल चॅनेलचं (प्रोसेसरने दोन वाटांनी एकदम मेमरी वापरून वेग वाढवणं) म्हणाल तर ४ आणि १६ ही जोडी विजोड आहे. इंटेलमध्ये अशा वेळी चिप्सचे ४ आणि स्टिकमधले ४ असे ८ जीबी जोडीने चालतात, उरलेले १२ एकेरी. गेम खेळणाऱ्याला, त्यातही वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, हे जाणवेल. मला एक्सेलमध्ये काय जाणवणार! स्टिक घेतली २६६६ वेगाची, चालते २४०० वर, कारण प्रोसेसरची मर्यादाच तेवढी.

बसवताना एकदा हात दाखवून अवलक्षण झालंच. बॅटरीचा कनेक्टर काढला, दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या, जुनी स्टिक टुणकन तिरपी वर आली, नवी तशीच तिरपी सारून खाली दाबली, झाकण लावलं, बटण दाबलं तर काळा पडदा. जीव टांगणीला. परत उघडलं तर सोनेरी दातांची एक पातळ रेघ बाहेरच दिसत होती, पूर्ण आत गेलीच नव्हती. ती रेघ दिसेनाशी होईपर्यंत सारली, मग दाबल्यावर दोन्ही क्लिपांचा टक आवाज आला आणि पडदा उजळला. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवलं, एकही एरर नाही.

आता तोच कॉल, तीच एक्सेल, वापर १० च्या आसपास आणि टॅब जिथे सोडलेत तिथेच सापडतात. कमिटेड मात्र १३ वर गेलंय, कारण टॅब तीसाचे पन्नास झालेत, तिसऱ्या माणसाला हे सांगितलेलं नाही. काढलेली ४ ची स्टिक भावाने मागून घेतली आणि अर्ध्या तासात परत आणून दिली, त्याच्या लॅपटॉपची रॅम नव्या पिढीची, डीडीआर ५, आणि ही आधीच्या पिढीची, डीडीआर ४, खाचच वेगळ्या जागी.